इंधन विक्रीत संगनमत वाटतंय? ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांनी तक्रार कुठे आणि कशी करावी

तुर्भ्यात मी वाहतूकदारांचे हिशेब बघते. दोन टेम्पोंपासून तीस ट्रकांपर्यंत सगळ्या आकाराचे मालक माझ्याकडे येतात. दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी नवा माणूस फाइल घेऊन बसतो आणि म्हणतो, "ताई, सगळ्यांनी मिळून डिझेलचा दर लावलाय. स्पर्धा आयोगाकडे जायचंय." हा आयोग म्हणजे बाजारातलं संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर यांची चौकशी करणारी केंद्राची संस्था. पण त्यातल्या बहुतेक तक्रारींचं ठिकाण दुसरंच असतं. ज्या खरोखर आयोगाकडे जायला हव्यात, त्यांच्यासोबत कागद नसतो. चुकीच्या दारावर गेलेली खरी तक्रार वाया गेली की मला फार वाईट वाटतं, कारण त्या माणसाचं नुकसान खरंच झालेलं असतं. म्हणून हा लेख.

पायरी १ : तक्रार मापाची, सेवेची की स्पर्धेची?

पंपावर डिझेल कमी मिळालं, तर ती मापाची तक्रार. तिचा स्पर्धा कायद्याशी संबंध नाही आणि तिचा निकाल तिथल्या तिथे लागू शकतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं धातूचं माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. आधी मापावरची वैधमापन विभागाची (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची) मोहर बघा, कारण मोहर नसेल तर पुढची मोजणी काहीच सिद्ध करत नाही. माप सपाट जमिनीवर ठेवायला सांगा. मशीनचा आकडा शून्यावर आलेला स्वतः बघा. पाच लिटर सोडल्यावर पातळी खुणेपाशी आली पाहिजे. पाच लिटरला २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापेक्षा कमी भरलं तर तक्रारवहीत लिहा, फोटो काढा आणि वैधमापन विभागाला कळवा. ही तपासणी मागायला कुणी लाजू नये. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पंपांच्या मशीनमध्ये बसवलेल्या चिपचं प्रकरण उघड केलं होतं. मशीनच्या पडद्यावर आकडा पूर्ण दिसायचा आणि टाकीत इंधन कमी पडायचं.

बिल चुकीचं, कार्डावरून दोनदा पैसे गेले, भेसळीमुळे गाडी बंद पडली, या ग्राहक संरक्षणाच्या तक्रारी. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सुरुवात करा, नाही निघालं तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे नवी मुंबईतल्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कळंबोली, कामोठे, पनवेल रायगडात. आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणून तुर्भ्यात काम करणारा ट्रकमालक कळंबोलीत राहत असेल, तर ठाण्याला जायचं की रायगडला, हे आधी ठरवून घ्या. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक म्हणून तक्रार चालत नाही. अपवाद आहे स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेल्या धंद्याचा. स्वतःचा एकच ट्रक स्वतः चालवणारा माणूस ग्राहक ठरू शकतो. वीस गाड्यांच्या मालकाला हे दार बहुधा बंद आहे.

उरली ती स्पर्धेची तक्रार. विक्रेत्यांनी आपसांत ठरवून दर, पुरवठा किंवा गिऱ्हाईक वाटून घेतलं, किंवा एखाद्या बलाढ्य पुरवठादाराने त्याच्याशिवाय पर्याय नाही हे ओळखून एकतर्फी अटी लादल्या. यापुढचं सगळं याबद्दल आहे.

पायरी २ : सारखा दर म्हणजे संगनमत, असं समजू नका

घोडबंदर रोडवर तीन पंपांवर पेट्रोलचा दर जवळपास एकच दिसतो, हा पुरावा नाही. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत देशभर आली. पण तुम्ही देता त्या रकमेत केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट मोठा असतो, आणि तो सगळ्यांना सारखाच. १ जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत डिझेलवरचा व्हॅट २४ वरून २१ टक्के आणि पेट्रोलवरचा २६ वरून २५ टक्के झाला, तेव्हा सगळ्या पंपांवर एकाच दिवशी दर उतरला. यात कुणीही कुणाशी बोललेलं नव्हतं. कराविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे दाद मागता येत नाही. शिवाय इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांकडे बहुसंख्य पंप असल्याने त्या एकमेकींचा दर बघूनच आपला लावतात.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे आणि प्रत्येक नव्या तक्रारदाराने तो समजून घ्यावा. घरगुती गॅसच्या सिलिंडरच्या टाक्या बनवणाऱ्या चाळीसहून अधिक उत्पादकांनी इंडियन ऑइलच्या २०१०-११ च्या निविदेत सारखे किंवा अगदी जवळचे दर भरले. निविदेच्या तोंडावर मुंबईत त्यांच्या संघटनेची बैठकही झाली होती. आयोगाने २०१२ मध्ये त्यांना १६५ कोटींच्या आसपास दंड ठोठावला. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : खरेदीदार मोजून तीनच, त्यातही एक सगळ्यांत मोठा, माल एकसारखा, आणि किंमत जवळपास खरेदीदारच ठरवतो. अशा बाजारात दर सारखे येणं स्वाभाविक आहे, त्यावरून कट सिद्ध होत नाही.

म्हणजे बैठक झाली, दर सारखे आले, तरीही प्रकरण उभं राहिलं नाही. तुमच्या तक्रारीत सारखेपणाचं दुसरं कारण काय असू शकतं, हे समोरच्याच्या आधी तुम्ही स्वतः शोधा.

पायरी ३ : कायदा कशाला हात घालतो

स्पर्धा कायदा २००२ चा, पण त्याची ही कलमं २० मे २००९ पासून लागू झाली. आपल्याला दोनच कलमं पुरतात.

कलम ३ हे करारांबद्दल आहे. करार म्हणजे स्टॅम्पपेपरच लागतो असं नाही. व्हॉट्सअॅपवरचं "सोमवारपासून कुणी उधारी द्यायची नाही" हेसुद्धा चालतं. एकाच पातळीवरच्या विक्रेत्यांनी दर ठरवणं, पुरवठा आवळणं, भाग वाटून घेणं, निविदेत साटंलोटं करणं, याला कायदा घातक धरूनच चालतो, मग ते घातक नाही हे समोरच्याने दाखवायचं. विक्रेत्यांच्या संघटनेने सभासदांना "मोठ्या गिऱ्हाइकाला सूट देऊ नका" असं फर्मावलं, तर तेही यातच. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर आयोगाने अशाच प्रकारांत कारवाई केलेली आहे. कंपनी आणि तिचा डीलर यांच्यातली बंधनं, म्हणजे अमुकच माल ठेव, डिझेलसोबत ऑइलही घ्यायलाच लाव, यांनाही कलम ३ लागू होतं. पण तिथे बाजारावर वाईट परिणाम झाला हे दाखवावं लागतं.

कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल. मोठं असणं गुन्हा नाही. शेजारचा खासगी पंप लिटरमागे एक-दोन रुपये कमी लावतो म्हणून एका नव्या डीलरने मला विचारलं होतं, ही लूट नाही का. नाही. दर पाडणं बेकायदा ठरतं ते वर्चस्व असलेल्याने खर्चाच्या खाली विकून स्पर्धकाला संपवायचं ठरवलं तर. शहरात इतरही पंप भरपूर आहेत, त्यामुळे एका पंपाचं वर्चस्व सिद्ध करणं जवळपास अशक्य. ग्राहकाला स्वस्त मिळतंय, ते मिळू द्यावं.

पायरी ४ : कागद, आणि त्यावरच्या तारखा

इथे मी जरा थांबते, कारण सगळं यावरच उभं राहतं.

रबाळ्याच्या एमआयडीसीत आम्ही काही छोट्या कारखान्यांच्या जनरेटरसाठी डिझेल एकत्र मागवायचो. टँकर दारात येऊन डिझेल देतो, दर पंपाचाच, त्यामुळे चुरस राहते ती पोहोच शुल्कात आणि उधारीच्या दिवसांत. एकदा चार पुरवठादारांची सुधारित पत्रकं आठवड्याभरात आली. चौघांचंही पोहोच शुल्क पैशापर्यंत सारखं आणि पंधरा दिवसांची उधारी चौघांनीही सातवर आणलेली. हेही एकवेळ योगायोग म्हणता आलं असतं. पण मी पत्रकं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि अटींचे क्रमांक बघितले. चारही पत्रकांत तिसऱ्या अटीनंतर थेट पाचवी होती. चौथा क्रमांक कुणाच्याच पत्रकात नव्हता. चार वेगळ्या कचेऱ्यांत बसलेली चार माणसं एकाच जागी तीच चूक करत नाहीत. मजकूर एकाच ठिकाणाहून आला होता.

आम्ही प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल लिहून विचारलं, शुल्क आणि उधारी बदलण्याचं कारण काय. दोघांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी काही आठवड्यांत उधारी परत पंधरा दिवसांवर नेली. कारखानदारांचं काम भागलं आणि प्रकरण तिथेच राहिलं. आज वाटतं, तेव्हा चारही फाइल मूळ ईमेलसकट जपून ठेवायला हव्या होत्या. छापून घेतल्या आणि मूळ ईमेल एकाने पुसून टाकले. छापील कागदावरून फाइल कुठल्या संगणकावर, कधी तयार झाली हे कळत नाही.

म्हणून हे करा. आलेलं प्रत्येक दरपत्रक मूळ स्वरूपात ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको. गेल्या दोन-तीन वर्षांचे दर, सूट आणि उधारीचे दिवस एका तक्त्यात तारखेनिशी मांडा, आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा पंपाचा दर लिहा. त्यामुळे किंमत कर किंवा कच्च्या तेलामुळे हलली की फक्त विक्रेत्याच्या मर्जीने, हे लगेच दिसतं. कुणी तोंडी "आमच्या सगळ्यांचं ठरलंय" म्हणालं, तर त्याच दिवशी कोण, कुठे, काय बोललं ते वहीत लिहा आणि त्याला ईमेल टाका : "आज आपण असं सांगितलंत, आमचा समज बरोबर आहे का?" उत्तर आलं नाही तरी तुमच्या ईमेलची तारीख राहते. पोलिसांसारखा सापळा लावायला जाऊ नका. शोध घेणं आयोगाच्या महासंचालकांचं काम आहे. त्यांच्याकडे छाप्याचे आणि जप्तीचे अधिकार आहेत, तुमच्याकडे नाहीत.

पायरी ५ : पाइप गॅसचा करार असेल तर

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या भट्ट्या, बेकऱ्या आणि रंगकामाच्या कारखान्यांना हा भाग जास्त लागू आहे. पेट्रोल पंप बदलता येतो, गॅसचा पाइप बदलता येत नाही. एका भागात वितरणाचं जाळं बहुधा एकाच कंपनीचं असतं, त्यामुळे वर्चस्वाचा मुद्दा इथे जोरदार उभा राहतो.

फरिदाबादच्या उद्योजक संघटनेने अदानी गॅसविरुद्ध तक्रार केली होती ती अशाच पुरवठा करारावरून. आयोगाने ३ जुलै २०१४ रोजी करारातल्या काही अटी एकतर्फी ठरवल्या, त्या बदलायला सांगितल्या आणि २५.६७ कोटींचा दंड केला. मार्च २०२० मध्ये आयोगाच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपील न्यायाधिकरणाने गैरवापराचा निष्कर्ष कायम ठेवला आणि दंड उलाढालीच्या चार टक्क्यांवरून एका टक्क्यावर आणला. छोट्या कारखानदारांसाठी या निकालातली महत्त्वाची गोष्ट दंड नव्हे, अटी बदलायला लावल्या ही आहे. तक्रार एकट्या कारखान्याने केली नाही, संघटनेने केली, हेही लक्षात घ्या.

तुमच्या करारात हे शोधा : गॅस वापरला नाही तरी किती रक्कम भरायची, आग-पूर-संप अशा वेळी ती माफ होते का, बिलावर वाद असेल तर आधी पूर्ण पैसे भरायचे का, जास्त भरलेले परत येताना व्याज मिळतं का, पुरवठा तोडण्याआधी किती दिवसांची नोटीस. प्रत्येक अटीसमोर लिहा की हेच बंधन कंपनीवरही आहे का. एकाच बाजूला असलेली अट लाल पेनने.

गॅसला वेगळं नियामक मंडळही आहे : २००६ च्या कायद्याने आलेलं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ. जोडणी, दाब, सेवेचे निकष अशा तांत्रिक गोष्टी आधी तिथे न्याव्या. तिथल्या तक्रारीला घटनेपासून ६० दिवसांची मुदत आहे, उशीर झाल्यास सबळ कारण द्यावं लागतं.

पायरी ६ : आयोगाकडे अर्ज

कायद्याच्या भाषेत तुम्ही 'तक्रार' करत नाही, 'माहिती' देता. हा फरक शब्दापुरता नाही. तुमचं स्वतःचं नुकसान झालेलं असण्याची गरज नाही, कुणीही माहिती देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ओला-उबरच्या प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. त्यामुळे हाउसिंग सोसायटी, वाहतूकदार संघटना, एकटा रिक्षाचालक, सगळ्यांना दार उघडं आहे.

आयोग दिल्लीत आहे, पण अर्ज ऑनलाइन देता येतो. व्यक्ती आणि सहकारी संस्थांसाठी शुल्क ५,००० रुपये, कंपन्यांचं उलाढालीनुसार वाढत जातं. भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता बघा. अर्जात घटना तारखेच्या क्रमाने, कोणत्या कलमाचा भंग, बाजार कोणता (माल कुठला, भाग कुठला) आणि काय मागणं आहे, एवढं स्वच्छ लिहा. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. पुरवठादार सूड म्हणून माल तोडेल अशी भीती असेल, तर नाव गोपनीय ठेवण्याची विनंती त्याच अर्जासोबत करा, मागाहून नको. आणि मुदत सांभाळा : २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांत माहिती द्यावी लागते.

जे माहीत नाही ते ठामपणे लिहू नका. खोटी माहिती दिल्यास दंड तुम्हालाच होऊ शकतो.

पायरी ७ : पुढे काय मिळू शकतं

आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर तो महासंचालकांना चौकशी सांगतो, नाही दिसलं तर प्रकरण बंद करतो. बंद झालं तर ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात अपील करता येतं. चौकशीला वेळ लागतो, वर्षंही लागतात. दरम्यान पुरवठा तोडला जाणार असेल किंवा तसंच भरून न येणारं नुकसान होणार असेल, तर कलम ३३ खाली अंतरिम आदेश मागता येतो. हे मागणं बरेच जण विसरतात.

दोष सिद्ध झाला की आयोग तो प्रकार थांबवायला सांगू शकतो, करार बदलायला लावू शकतो, आणि तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. विक्रेत्यांच्या टोळीसाठी दंड आणखी कडक : प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, जे जास्त असेल तिथपर्यंत. वर्चस्व असलेल्या कंपनीचे तुकडे करण्याची तरतूदही कलम २८ मध्ये आहे. अमेरिकेत १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे ३४ भाग केले गेले, तो या उपायाचा सगळ्यांत गाजलेला दाखला, आणि तोही इंधनाच्या धंद्यातलाच.

पण दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, तुमच्या खात्यात नाही. तुमचं नुकसान भरून हवं असेल तर आयोगाचा निष्कर्ष आल्यावर अपील न्यायाधिकरणाकडे कलम ५३-एन खाली वेगळा अर्ज करावा लागतो. एकसारखं नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीने एकानेही तो करता येतो. त्या दिवशी न्यायाधिकरण एकच विचारेल : जास्तीचे पैसे किती गेले, आणि कशावरून? पायरी ४ मधला तक्ता तिथे कामी येतो. बिलं रद्दीत गेली असतील तर निकाल बाजूने लागूनही हातात काही येत नाही.

तुम्ही विक्रेते असाल आणि चुकून त्यात ओढले गेलात तर

हा भाग नव्या पंपचालकांसाठी आणि टँकरवाल्यांसाठी. धंद्यात नवीन असताना कुणीतरी मोठा व्यावसायिक चहाला बोलावतो, ग्रुपमध्ये घेतो, आणि मग दर-उधारीची बोलणी सुरू होतात. गप्प बसणं सुरक्षित नाही, गप्प बसलेलाही सहभागी धरला जाऊ शकतो. त्याच ग्रुपवर लिहा : "दर आणि उधारी मी माझ्या हिशेबाने ठरवीन, या चर्चेत मी नाही," आणि बाहेर पडा. बाहेर पडण्याआधी संपूर्ण गप्पा एक्स्पोर्ट करून ठेवा. त्या ठरावाप्रमाणे आधीच दर लावून बसला असाल, तर स्पर्धेच्या कायद्यातला वकील गाठा आणि दंडसवलतीचा अर्ज करा. सगळ्यांत आधी येऊन खरी, पूर्ण माहिती देणाऱ्याला दंड १०० टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो, दुसऱ्याला ५० आणि तिसऱ्याला ३० टक्क्यांपर्यंत. रांगेतला क्रमांक अर्ज पोहोचलेल्या वेळेवर ठरतो, म्हणून वकिलाची भेट पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.